हेल्सिंगोर : जकातीवर उभे राहिलेले गाव

डेन्मार्कच्या नकाशात ईशान्येच्या टोकाला हेल्सिंगोर नावाचे बंदर आहे. इंग्रज त्याला एल्सिनोर म्हणतात. समोर स्वीडन, आणि मध्ये अवघे चार किलोमीटर पाणी. बाल्टिक समुद्रात जा-ये करणाऱ्या बहुतेक गलबतांना याच चिंचोळ्या पट्टीतून जावे लागे. गावाचे नावच मुळी ‘गळा’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. गळा ज्याच्या मुठीत, त्याची चैन!

एरिक नावाच्या राजाने १४२९च्या सुमारास इथे किल्ला बांधून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर जकात बसवली. गलबताने नांगर टाकायचा, कप्तानाने होडीने किनाऱ्यावर यायचे, पैसे मोजायचे आणि मग पुढे जायचे. न थांबणाऱ्यासाठी तोफा होत्याच. १५६७ साली मालाच्या किमतीवर कर लागू झाला. किंमत कप्तानानेच सांगायची. मात्र त्या किमतीला सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाने राखून ठेवला होता. कमी सांगावी तर माल जायचा, जास्त सांगावी तर कर वाढायचा. इतका बेरकी कायदा मी दुसरा वाचलेला नाही.

‘जकात’ हा शब्द मराठीत आला तो मूळ अरबी ‘ज़कात’वरून. आमच्या घरात ज़कात म्हणजे गरिबाला द्यायचा वाटा. नाक्यावर तीच जकात म्हणजे सरकारला द्यायचा कर. मुंबईतले जकात नाके २०१७ साली बंद झाले, तरी शब्द काही गेला नाही.

हेल्सिंगोरच्या कारकुनांनी गलबतागणिक नोंद ठेवली : कप्तानाचे नाव, गाव, आणि पुढे पुढे मालही. मीठ, राय, हेरिंग मासळी, लाकूड, डांबर. १४९७ ते १८५७ या काळातल्या, मधली काही वर्षे वगळता, सुमारे अठरा लाख फेऱ्यांच्या नोंदी कोपनहेगनच्या दफ्तरात आजही आहेत. कर गोळा करणाऱ्यांनी नकळत युरोपच्या व्यापाराची बखरच लिहून ठेवली!

या पैशाच्या जोरावर दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ या काळात जुन्या किल्ल्याच्या जागी क्रोनबोर्ग हा राजवाडा उभारला. १६२९ साली तो आगीत जळाला. चौथ्या ख्रिश्चनने पुन्हा बांधला. शेक्सपियरने हॅम्लेटला राहायला दिले ते हेच ठिकाण. बी.ए.ला आम्ही ते नाटक घोकले, पण ही जागा खरी आहे हे कुणी सांगितले नाही. शेक्सपियर इथे आल्याचा पुरावा नाही. मात्र विल केम्पसह काही इंग्रज नट १५८६ साली इथे खेळ करून गेले होते, आणि केम्प पुढे शेक्सपियरच्याच मंडळीत होता. मराठीत हॅम्लेट आणला आगरकरांनी, १८८३ साली, ‘विकारविलसित’ या नावाने. गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली.

१८५७ साली इतर राष्ट्रांनी एकरकमी भरपाई देऊन ही जकात बंद करवली. थांबलेल्या गलबतांना पाणी, पाव, दारू, दोरखंड पुरवून जगणारे गाव एकदम ओस पडल्यासारखे झाले. पुढे जहाजबांधणीचा कारखाना आला. तोही १९८३ साली बंद पडला. त्याच्या कोरड्या गोदीभोवती, जमिनीखाली, २०१३पासून सागरी संग्रहालय आहे.

मला मात्र या पाण्याची एकच गोष्ट सारखी आठवते, ती १९४३च्या ऑक्टोबरची. जर्मन फौजांनी डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू केली. समोर दिसणारा स्वीडन तटस्थ होता आणि त्याने आश्रय जाहीर केला होता. हेल्सिंगोरमध्ये एर्लिंग किएर नावाचा पुस्तकबांधणी करणारा कारागीर, एक वार्ताहर आणि पोलिसातले दोघे यांनी गट जमवला. नाव ठेवले ‘हेल्सिंगोर शिवणमंडळ’. रात्री होड्यांतून माणसे पलीकडे जाऊ लागली. देशभरातून सात हजारांहून अधिक ज्यू असे वाचले. सगळेच कोळी साधुसंत नव्हते. सुरुवातीला काहींनी जबर भाडे घेतले, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गणी जमवली. सगळेच वाचले असेही नाही. जवळच्या गिलेलाय गावात चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास लोक एका रात्रीत पकडले गेले.

किएर १९४४ साली पकडला गेला. त्याची रवानगी जर्मनीतल्या छळछावणीत झाली. तिथून तो जिवंत परतला. आज त्याच पाण्यावरून फेरीबोट वीस मिनिटांत स्वीडनला पोचते.