हेलिकॉप्टर वैमानिक : वेगळ्या वाटेचे करिअर

गडचिरोलीतील दुर्गम केंद्रांवर मतदान पथके पोहोचविणे असो वा चकमकीतील जखमी जवानांना नागपूरला हलविणे असो, हेलिकॉप्टरला पर्याय नसतो. माजरी, भद्रावती परिसरातील विद्यार्थ्यांनाही या क्षेत्राची वाट खुली आहे. मात्र ती आधी नीट समजून घ्यायला हवी.

नागरी क्षेत्रात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा व्यावसायिक हेलिकॉप्टर परवाना लागतो. त्यासाठी वयाची १८ वर्षे, लेखी परीक्षा, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता आणि किमान १५० तासांचे उड्डाण आवश्यक असते. भौतिकशास्त्र व गणितासह बारावी ही आजवरची रूढ अट आहे. विमानाचा परवाना येथे चालत नाही. प्रशिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात जातो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळालीच, असे नाही; अनेक कंपन्या अधिक तासांचा अनुभव मागतात.

खर्च न पेलणाऱ्यांसाठी सैन्यदलाचा मार्ग आहे. एनडीए किंवा सीडीएसमार्गे अधिकारी होऊन हवाई शाखेसाठी निवड झाल्यास प्रशिक्षणाचा भार सरकार उचलते. नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातूनच २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.