निफाक आणि इख्लास

अरबी भाषेत ‘नफक’ म्हणजे भुयार. अरबस्तानच्या वाळवंटात उंदरासारखा एक लहान, लांब पायांचा प्राणी बिळे करून राहतो. त्याच्या बिळाचे एक तोंड उघडे असते, तर दुसरे मातीच्या पातळ थराखाली झाकलेले. शत्रू पहिल्या तोंडाशी आला की तो थर डोक्याने फोडून हा प्राणी दुसरीकडून पसार होतो. या गुप्त तोंडाच्या नावाशी ‘मुनाफिक’ या शब्दाचा संबंध जुन्या अरबी कोशकारांनी जोडला आहे. श्रद्धेत एका दाराने शिरावयाचे आणि अडचण येताच दुसऱ्या दाराने निसटावयाचे, असा जो मनुष्य तो मुनाफिक. त्याचे वर्तन म्हणजे निफाक. याच्या उलट इख्लास, म्हणजे भेसळ काढून टाकलेली निष्ठा. मराठी वाचकाला येथे ‘दंभ’ हा शब्द आठवेल. गीतेच्या तेराव्या अध्यायातील अदंभित्वाचे विवेचन ज्ञानेश्वरांनी विस्ताराने केले आहे. परंतु दंभ हा मुख्यतः मिरविण्याचा दोष आहे आणि निफाक हा लपविण्याचा. मिरविण्याला इस्लामी परंपरेत ‘रिया’ असे निराळे नाव आहे, त्याकडे पुढे वळू.

मक्केत मुनाफिकांचा प्रश्न फारसा उद्भवला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. तेथे नवा धर्म स्वीकारणाऱ्याच्या वाट्याला छळ आणि बहिष्कार येत असे. खोटे सोंग घेण्यात लाभ कोणता? इ. स. ६२२ मध्ये महंमद पैगंबर मदिनेस आले आणि चित्र पालटले. आता श्रद्धेबरोबर सत्ता, संरक्षण आणि मानही येऊ लागला. मदिनेतील औस व खजरज या टोळ्या आपसांतील युद्धाने थकलेल्या होत्या. खजरज टोळीचा प्रमुख अब्दुल्ला इब्न उबय याला राजा करण्याचे घाटत होते, त्याच्यासाठी मुकुटही ओवला जात होता, असे परंपरा सांगते. पैगंबरांच्या आगमनाने तो बेत राहून गेला. इब्न उबयने इस्लाम स्वीकारला, पण ती बोच त्याच्या मनातून गेली नाही. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईस सुमारे १००० लोक निघाले असता, आपला सल्ला मानला नाही या सबबीवर तो सुमारे ३०० जणांसह वाटेतूनच परतला.

६२७ च्या सुमारास एका मोहिमेत पाणवठ्यावर मक्केचा एक मनुष्य आणि मदिनेचा एक मनुष्य यांच्यात भांडण जुंपले. तेव्हा इब्न उबय बोलून गेला की मदिनेस परतल्यावर जो बलवान आहे तो दुर्बलाला हाकलून देईल. हजरत उमर यांनी त्याचा वध करावा असे सुचविले. पैगंबरांनी नकार दिला. महंमद आपल्याच सोबत्यांना मारतो असे लोक म्हणतील, हे त्यांचे कारण. इब्न उबयच्या मुलाचे नावही अब्दुल्लाच होते आणि त्याची निष्ठा निःसंशय होती. तो पैगंबरांकडे आला आणि म्हणाला, की वध व्हायचाच असेल तर ते काम मला द्यावे; दुसऱ्या कोणी ते केले तर पित्याच्या मारेकऱ्याला डोळ्यांसमोर हिंडताना पाहून माझ्या हातून सूडाचे पाप घडेल. पैगंबरांनी त्याला पित्याशी सौजन्यानेच वागण्यास सांगितले. ६३१ मध्ये इब्न उबय वारला, तेव्हा याच मुलाने कफनासाठी पैगंबरांचा सदरा मागितला आणि तो त्याला मिळाला. उमर यांचा विरोध असतानाही पैगंबरांनी जनाज्याची नमाज पढली. अशा लोकांसाठी ती पढू नये अशी आयत त्यानंतर अवतरली, असे हदीस सांगते.

परंतु या विषयाचे मर्म खरे उलगडते ते कआब इब्न मालिक या कवीच्या हकीकतीत. ६३० मध्ये तबूकच्या मोहिमेची हाक आली. कडक उन्हाळा होता, बागांत फळे पिकली होती आणि पल्ला लांबचा होता. कआबपाशी दोन उंट होते आणि प्रकृतीही ठणठणीत होती. आज निघू, उद्या निघू असे करता करता तो मागे राहिला. सैन्य परतल्यावर मागे राहिलेले ८० हून अधिक लोक मशिदीत येऊन शपथेवर सबबी सांगू लागले. पैगंबरांनी त्यांच्या सबबी वरवर मान्य केल्या आणि अंतरीचे अल्लावर सोपविले. कआब वाक्पटू होता; बोलून सुटणे त्याला सहज जमले असते. त्याने सांगितले, की मला कसलीही सबब नव्हती. मुरारा इब्न रबी आणि हिलाल इब्न उमय्या या दोघांनीही तेच केले.

खोटे बोलणारे घरी गेले आणि खरे बोलणाऱ्या तिघांशी सर्वांनी अबोला धरावा असा हुकूम झाला. कआब बाजारात हिंडे, नमाजेला जाई, पण सलामाला उत्तर मिळत नसे. चुलतभावाच्या बागेची भिंत चढून त्याने सलाम केला, तरी तोही गप्प राहिला. अशा वेळी गस्सानच्या राजाचे पत्र आले, की तुला तेथे मान नाही, आमच्याकडे ये. बिळाचे दुसरे तोंड ते हेच. कआबने पत्र भट्टीत टाकले. चाळिसाव्या दिवशी पत्नीपासून दूर राहण्याची आज्ञा आली. पन्नासाव्या पहाटे तो घराच्या गच्चीवर बसला असता टेकडीवरून क्षमेची बातमी ओरडून सांगणारा आवाज त्याच्या कानी पडला. शिक्षा झाली ती सच्च्यांनाच, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण ज्याची निष्ठा खरी त्यालाच सुधारता येते, हा त्यामागील विचार असावा.

दुसऱ्याचे अंतःकरण चिरून पाहता येत नाही, हे तत्त्व एकदा मान्य केले की संशयाचा रोख आपल्याकडेच वळतो. हनजला नावाचा सोबती एकदा रस्त्याने जाताना म्हणाला, की मी मुनाफिक झालो. पैगंबरांसमोर असताना स्वर्ग-नरक डोळ्यांपुढे दिसतात आणि घरी बायकामुलांत गेलो की विसरतात. अबू बक्र यांनीही तोच अनुभव सांगितला. पैगंबरांनी दोघांना धीर दिला, की मनाच्या अशा वेळा येतात आणि जातात. हुजैफा इब्न यमान याला मुनाफिकांची नावे पैगंबरांनी विश्वासाने सांगितली होती, असे मानले जाई. ज्या उमर यांनी पूर्वी इब्न उबयच्या वधाची मागणी केली होती, तेच खलिफा झाल्यावर हुजैफाला विचारीत, की त्या नावांत माझे तर नाव नाही ना?

सर्वांनी हा मार्ग पत्करला नाही. ६५७ नंतर उदयास आलेल्या खारिजींनी घोर पाप करणारा मुसलमानच राहत नाही असे ठरवून दुसऱ्यांच्या श्रद्धेचा निवाडा तलवारीने करण्यास आरंभ केला. ६६१ मध्ये खलिफा अली त्यांच्यातील एकाच्या हातून मारले गेले. नमाज-रोज्यांत ते कोणाहून कमी नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. उलट बसऱ्याचे हसन (मृत्यू ७२८) निफाकाचे भय श्रद्धावंतालाच वाटते असे शिकवीत.

पुढे सूफींनी रियाचा पाठलाग आणखी सूक्ष्मपणे केला. नवव्या शतकात निशापूरच्या मलामती पंथाने आपली उपासना लपविली आणि लोकनिंदा ओढवून घेतली. पण निंदेचाही अहंकार होऊ शकतो, हे चाणाक्ष लोकांनी ओळखलेच होते. लोक ढोंगी म्हणतील या भयाने उपासना सोडणे हीदेखील रियाच.

या सर्वांचा मेळ घातला तो अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांनी. बगदादच्या निजामिया मदरशाचे ते प्रमुख अध्यापक होते; कीर्ती आणि शिष्य यांना तोटा नव्हता. आपण शिकवितो ते अल्लासाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १०९५ मध्ये एके दिवशी वर्गात त्यांची वाचाच बसली, अन्न उतरेना, वैद्यांनी हात टेकले. अखेर पद आणि संपत्ती सोडून ते निघाले. खलिफा व मित्र अडवतील म्हणून त्यांनी मक्केस जातो असे जाहीर केले आणि मनात शामचा, म्हणजे सीरियाचा, बेत केला होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दमास्कसला पोहोचल्यावर ते तेथील मशिदीच्या मिनारावर चढत आणि दिवसभर दार आतून लावून घेत.