जे१ (प्रोसेसर)

जे१ हा फोर्थ या संगणकभाषेसाठी रचलेला १६-बिटी लघुप्रोसेसर आहे. जेम्स बोमन यांनी २०१० मध्ये त्याची रचना मांडली. एफपीजीए प्रकारच्या चिपसाठी केलेले त्याचे वर्णन व्हेरिलॉग भाषेच्या २०० हून कमी ओळींत मावते.

फोर्थची पद्धत

चार्ल्स मूर यांनी विकसित केलेल्या फोर्थ भाषेत संख्या स्टॅकवर, म्हणजे चळतीवर, ठेवल्या जातात व क्रियाचिन्ह शेवटी येते. '२ ३ + ४ *' या मांडणीत प्रथम बेरीज ५ चळतीवर येते. तिला ४ ने गुणून २० मिळतात. कंसांची गरज पडत नाही.

रचना

जे१ मध्ये दोन चळती आहेत: एक आकडेमोडीसाठी, दुसरी परतीच्या पत्त्यांसाठी. ज्या संख्यांवर क्रिया करायची त्या चळतीच्या माथ्याशीच असल्याने आज्ञेत त्यांचे स्थान नोंदवावे लागत नाही. त्यामुळे आज्ञांचे पाचच प्रकार पुरतात: स्थिरांक, उडी, सशर्त उडी, उपप्रक्रियेस बोलावणे आणि अंकगणिती-तार्किक क्रिया. शेवटच्या प्रकारातील एक बिट परतीची सूचना देतो. म्हणून परतण्यासाठी वेगळे घड्याळचक्र लागत नाही. फोर्थचे कार्यक्रम असंख्य छोट्या उपप्रक्रियांचे बनत असल्याने ही बचत मोलाची ठरते.

मर्यादा व वापर

गुणाकार व भागाकार करणारे मंडल जे१ मध्ये नाही. वरील उदाहरणातील गुणाकारही कार्यक्रमातूनच करावा लागतो. बाह्य उपकरणांनी चालू काम थांबवण्याची, म्हणजे इंटरप्टची, सोयही नाही. प्रोसेसर लहान राहतो, पण ही जबाबदारी कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे जाते. विलो गॅरेज या अमेरिकी कंपनीच्या रोबोटांसाठीच्या इथरनेट कॅमेऱ्यात जे१ वापरला गेला.