मालतीमाधवाचा नकाशा

संस्कृत नाटक शिकविताना फळ्यावर अन्वय लिहिला जातो, समास सोडविला जातो, अलंकाराचे नाव सांगितले जाते. त्याच फळ्यावर एखादी नदी काढलेली मात्र सहसा दिसत नाही. नाटक हे कोठेतरी घडते, तेथे जावयास रस्ता लागतो, वाटेत पाणी आणि डोंगर आडवे येतात, ही गोष्ट आपण विसरून जातो. आज भवभूतीचे ‘मालतीमाधव’ घेऊन एक कोष्टक व एक नकाशा यांच्या साह्याने ते वाचावयाचे आहे. व्याख्यानाच्या वेळी भिंतीवर लावलेले हे दोन तक्ते येथे शब्दांनीच सांगणे भाग आहे.

कोष्टक सोपे आहे. नाटकाचे दहा अंक एकाखाली एक लिहावे आणि समोर स्थळ मांडावे. मदनोद्यान, शंकराच्या देवळाजवळची बाग, स्मशान आणि करालेचे देऊळ, नगरदेवतेचे मंदिर, नंदनाचे घर. आठव्या अंकापर्यंत सारा व्यवहार पद्मावती नगरी आणि तिचा परिसर यांतच चालतो. नवव्या अंकात एकदम नगर सुटते व माधव रानावनात भटकू लागतो. स्थळांच्या रकान्याशेजारी नात्यांचा रकाना घातला म्हणजे दुसरा गुंता सुटतो. विदर्भाचा अमात्य देवरात आणि पद्मावतीचा अमात्य भूरिवसू हे एके काळचे सहाध्यायी. आपल्या मुलांची लग्ने परस्परांत करण्याचा शब्द त्यांनी दिलेला. पुढे राजाने मालतीला आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी मागणी घातली. भूरिवसूला ना राजाला नाही म्हणता येते, ना मित्राला दिलेला शब्द मोडता येतो. कामंदकीची सारी कारस्थाने या एका अडचणीतून निघाली आहेत. पहिल्या वाचनात ती बाई उगाच लुडबुड करणारी वाटते. कोष्टक समोर असले की तसे वाटत नाही.

आता नकाशा. माधव विद्येसाठी येतो तो विदर्भातील कुंडिनपुराहून. ते म्हणजे वर्धा नदीच्या काठचे, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर. तेथून पद्मावती कोठे? हा प्रश्न एका नाटकाच्या आधाराने सुटला, म्हणून त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

भवभूतीने चौथ्या अंकात पारा व सिंधू या नद्यांच्या संगमाचा उल्लेख केला आहे. नवव्या अंकाच्या आरंभी सौदामिनी आकाशमार्गे येते आणि वरून नगरी पाहते. तिला पारा व सिंधू दिसतात, लवणा दिसते, सिंधूचा धबधबा दिसतो, आणि मधुमती व सिंधू यांच्या संगमावर सुवर्णबिंदू नावाचे शिवस्थान दिसते. नाटक कापावयाचे झाले तर पहिली कात्री येथेच लागते. कारण कथानक येथे पुढे सरकत नाही. परंतु हे वर्णन म्हणजे चक्क नकाशा आहे.

बोरी बुद्रुकच्या माणसाला हे पटवून द्यावे लागू नये. कुकडी पुढे घोडीला मिळते हे त्याला ठाऊक असते. कोणी ‘कुकडी आणि घोड यांच्या संगमावरचे गाव’ म्हटले, तर ते गाव शिवनेरीच्या पायथ्याशी कोणी शोधणार नाही. बोरीच्याच नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती किती जुनी याविषयी संशोधकांत मोठा मतभेद आहे; ती कोठे आहे याविषयी मतभेद नाही.

कनिंगहॅम यांनी १८६२ ते १८६५ या काळच्या आपल्या अहवालात भवभूतीच्या या नद्या ओळखल्या. सिंधू म्हणजे माळव्यातून उत्तरेस वाहणारी सिंध, पारा म्हणजे पार्वती, मधुमती म्हणजे महुअर, लवणा म्हणजे नून. नद्या बरोबर लागल्या, पण नगर मात्र त्यांनी नरवरला ठेवले. नरवर सिंधेकाठी आहे खरे, परंतु पार्वतीचा संगम तेथे नाही. पुढे लेले यांनी आपल्या मराठी ग्रंथात सिंध-पार्वतीच्या संगमावरील पवाया हे गाव सुचविले. नरवरपासून ते चाळीस किलोमीटरांच्या आसपास ईशान्येकडे आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गर्दे यांनी जागा पाहून १९१५-१६ च्या पुरातत्त्व अहवालात याच मताला पुष्टी दिली. तेथे नाग राजांची नाणी निघाली, माणिभद्र यक्षाची लेखयुक्त मूर्ती मिळाली.

आता कौंडिण्यपूर आणि पवाया यांवर पट्टी ठेवून पाहावी. पवाया जवळजवळ सरळ उत्तरेस येते, पाचशे किलोमीटरांहून दूर. मध्ये सातपुडा, नर्मदा आणि विंध्य. माधवाने विद्येसाठी केलेला प्रवास केवढा, हे तेव्हा कळते. कपालकुंडला मालतीला श्रीपर्वतावर नेते. श्रीपर्वत म्हणजे कृष्णेकाठचे श्रीशैल असे धरले, तर तेही त्याच पट्टीच्या दक्षिण टोकाजवळ येते, पवायापासून हजार किलोमीटरांहून दूर. यात कवीची काही योजना होती असे मला म्हणावयाचे नाही. रेखांश मोजून कोणी नाटक लिहीत नाही. पण नगरातून मालती नाहीशी झाल्यावर माधव का खचतो, हे त्या अंतराकडे पाहून समजते. योगसिद्धीवाचून हे अंतर कापणारा दुसरा उपाय नाटककारापाशी नव्हता. सौदामिनीच्या उड्डाणाला हसणाऱ्यांनी एकदा हा नकाशा पाहावा.

कवी स्वतः विदर्भातील पद्मपूरचा. वा. वि. मिराशी यांनी ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर ठरविले. भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली असे त्यांच्या प्रस्तावनांतच सांगितले आहे. ते स्थान काहींनी उज्जयिनीचा महाकाल मानले, तर मिराशींनी यमुनेकाठचे काल्पी. यात्रेच्या वर्णनात संगम नाही, धबधबा नाही, दुसरी नदी नाही. म्हणून आमच्या तक्त्यावर कुंडिनपूर व पद्मावती शाईने लिहिली आहेत आणि कालप्रियनाथ दोन ठिकाणी, पेन्सिलीने.