‘कोणत्या कायद्याने?’ : एका प्रश्नाची कुळकथा

नागरिकाच्या स्वातंत्र्याला हात घालण्याआधी सरकारने कायद्याचा आधार दाखवावा, या दंडकाची वंशावळ लिहायची तर तिची दोन पाने बंगळुरूची निघतात. मूळ घराणे इंग्रजी न्यायपरंपरेचे. १९३१ साली लागोसच्या एका हद्दपार सरदाराच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने बजावले होते, की अंमलदाराला आपल्या कृतीची कायदेशीरता न्यायालयात सिद्ध करता आली पाहिजे. आपल्या घटनेच्या २१व्या अनुच्छेदात हेच सूत्र आले. जून १९७५मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा बंगळुरूत असलेले वाजपेयी, अडवाणी आणि आपले मधु दंडवते तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात गेले आणि त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. कर्नाटकासह अनेक उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकण्याजोग्या ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६च्या जबलपूर निकालात, चार विरुद्ध एक मतांनी, या याचिकांना दार लावून घेतले. त्या चार न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड होते, हे मराठी माणसाला आजही टोचायला हवे. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे म्हणाले, की आणीबाणीत २१वा अनुच्छेद स्थगित झाला तरी कायद्याविना कुणाला डांबण्याचा अधिकार सरकारला मिळत नाही. हा दंडक घटनेहून जुना आहे.

दुसरे पान बंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांचे. नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा योजनेमागे संसदेचा कायदा नव्हता, २००९ची सरकारी अधिसूचना होती. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा कशाच्या आधारावर घेता, असे पुट्टस्वामींनी २०१२मध्ये न्यायालयात विचारले. प्रत्येक कल्याणकारी कामाला कायदा हवा म्हटले तर राज्य चालेल कसे, असे यावर म्हटले जाते. १९५५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पंजाब सरकारला कायद्याविना पाठ्यपुस्तके छापू दिली होती. ते योग्यच होते, कारण पुस्तके छापल्याने कुणाचा मूलभूत हक्क जात नव्हता. शरीराची खूण कायमची नोंदवून घेणे ही फार वेगळी गोष्ट आहे. याहून जड आक्षेप असा, की आणीबाणीत लोकांना डांबायला वापरलेला ‘मिसा’ही कायदाच होता. खरे आहे, आणि म्हणूनच २४ ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाच्या हक्काला हात घालण्यासाठी कायद्याचे अस्तित्व ही केवळ पहिली अट ठरली. रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या पुढच्या. जबलपूरचा निकालही तिथेच मोडीत निघाला, यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांच्या लेखणीने. तरी पहिली अट नावापुरती समजू नये. कायदा झाला की मजकूर हाती येतो आणि त्याचा एकेक शब्द तपासता येतो. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा २०१६च्या कायद्यातील ५७व्या कलमाचा भाग २०१८मध्ये रद्द झाला. अधिसूचनेच्या काळात न्यायालयापुढे ठेवायला असे कलमच नव्हते.