बेअरिंगचे पोलाद : शंभर वर्षांची कृती आणि हलकेपणाचा शोध

सायकलच्या चाकातले छर्रे ज्याने कधी काढून पाहिले आहेत, त्याला बेअरिंग म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. मात्र त्या छर्‍याच्या पोलादाला मोठा इतिहास आहे.

१८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी छर्रे एकसारखे घासणारे यंत्र तयार केले आणि एका मापाचे गोल छर्रे मोठ्या संख्येने मिळू लागले. पण नुसता गोलपणा पुरेसा नव्हता. छर्रा आणि कडी यांचा स्पर्श अगदी इवल्या जागेत होतो आणि सगळा भार तेथेच येतो. छर्रे किती भार पेलतात, याची पद्धतशीर मोजणी रॉबर्ट श्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली. १९०५ मध्ये श्वाइनफुर्टच्याच फिख्टेल उंड झाक्स कंपनीने सुमारे १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाची बेअरिंगे बनवल्याची नोंद आहे. आजही बहुतेक बेअरिंगांची मूळ कृती हीच आहे.

या लहानशा वस्तूचे मोल युद्धाने दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेची २९१ बॉम्बफेकी विमाने श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर निघाली. त्यांपैकी ६० पाडली गेली. बेअरिंग थांबले की विमाने आणि रणगाडे थांबतील, या हिशेबापायी शेकडो वैमानिक व सैनिक गमावले गेले.

कृती तीच राहिली, तरी पोलाद तेच राहिले नाही. बेअरिंग बहुधा झिजून नव्हे, तर थकून जाते. पोलादात अडकलेल्या ऑक्साइडच्या कणापाशी सूक्ष्म तडा सुरू होतो आणि अखेर पृष्ठभागाचा टवका उडतो. निर्वात प्रक्रियेने वितळलेल्या पोलादातील वायू काढता येऊ लागले, ऑक्सिजन घटला आणि आयुष्य वाढले. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येते, हे सूत्र लक्षात घेतले म्हणजे या शुद्धतेचे महत्त्व कळते. त्याच भारासाठी आता लहान, म्हणजेच हलके, बेअरिंग चालू लागले.

जेट इंजिनाने वेगळाच प्रश्न उभा केला. वेग दुप्पट झाला की केंद्रापसारी बल चौपट होते आणि छर्‍याचे स्वतःचे वजनच बाहेरच्या कडीवर भार टाकते. कडीला तडा गेला तर तो आरपार जाण्याची भीती. त्यावर एम-५० निल हे पोलाद निघाले : आतला गाभा कमी कार्बनचा आणि चिवट, पृष्ठभाग मात्र कार्बन मुरवून कठीण केलेला. छर्‍यांसाठी पुढे सिलिकॉन नायट्राइड ही सिरॅमिक आली. तिची घनता पोलादाच्या सुमारे ४० टक्केच आहे.

मग पोलादच हलके का करू नये? लोखंडात अ‍ॅल्युमिनियम मिसळले की दर टक्क्यामागे घनता साधारण सव्वा ते दीड टक्क्याने उतरते. मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांच्या अशा पोलादांवर जगभर संशोधन चालू आहे. अडचण अशी की अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनला चटकन पकडतो आणि त्यातून बनणारे कठीण कण हेच बेअरिंगचे जुने वैरी. शिवाय नुसता हलकेपणा उपयोगाचा नाही. छर्‍याइतकी कठीणताही टिकली पाहिजे.

म्हणून आजवर बेअरिंगला हलकेपणा मिळाला तो मुख्यतः पोलादाची घनता घटवून नव्हे, तर त्याची सहनशक्ती वाढवून. नव्या मिश्रधातूलाही याच कसोटीला उतरावे लागेल.