जुने संगणक पाठविताना : खरे संरक्षण खोक्याच्या आत

सन १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि देशातील निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक दाखल झाले. त्या काळातील संगणक आता संग्राहकांच्या शोधाचा विषय ठरले आहेत. त्यांचे अनेक सुटे भाग आज तयार होत नाहीत. त्यामुळे प्रवासात फुटलेला संगणक बहुधा कायमचाच गमावला जातो.

धाराशिव जिल्ह्यातील सोनारी (ता. परंडा) हे भैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव रेल्वेमार्गावर नाही. अशा गावातून पुण्या-मुंबईकडे निघालेले पार्सल रस्त्याने जाते आणि वाटेत अनेकदा चढविले-उतरविले जाते. ‘नाजूक वस्तू’ अशी चिठ्ठी प्रत्येक हमाल वाचेलच असे नाही. म्हणून खोके पडणार, हे गृहीत धरूनच बांधणी करावी लागते.

नुकसानीचे मुख्य कारण म्हणजे आतील हालचाल. वर्तमानपत्राचे बोळे वजनाखाली दबतात, पोकळी निर्माण होते आणि जड यंत्र आतल्या आत आदळू लागते. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्याने कोपरे तडकतात. जड ट्रान्सफॉर्मर व सैल कार्डे जागा सोडून मदरबोर्डवर आपटतात. जुन्या मॉनिटरच्या चित्रनलिकेची मागील मान पातळ काचेची असते. ती मोडल्यास नलिका निकामी होते.

पाठविण्यापूर्वी कार्डे काढून स्थितिक विद्युतरोधक पिशव्यांत ठेवावीत. गळू शकणारी जुनी बॅटरी काढणे इष्ट. मात्र तिच्यावर जपलेली सेटिंग्ज आधी लिहून घ्यावीत. सुरुवातीच्या हार्ड डिस्कचे हेड ‘पार्क’ आज्ञेने सुरक्षित जागी न्यावे लागतात. मॉनिटर शक्यतो वेगळ्या खोक्यात, पडद्याची बाजू खाली ठेवून, घट्ट फोमवर बसवावा. यंत्राचे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर फोम भरावा. बंद खोके हलविल्यावर आत काहीही सरकता कामा नये. पावसाळ्यात आतील वेष्टन प्लॅस्टिकचे असावे व सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

विमा उतरविला म्हणजे चिंता मिटली, असे नाही. मालवाहतूक विम्याच्या प्रचलित कलमांत अपुऱ्या वेष्टनामुळे झालेली हानी सहसा वगळलेली असते. सन २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार, प्रेषकाने जादा जोखमीचा दर स्वीकारला नसल्यास वाहतूकदाराचे दायित्वही मर्यादित राहते. त्यामुळे बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवणे हितावह ठरते.

पार्सल मिळाल्यावर संगणक लगेच सुरू करू नये. आधी खोक्याची व यंत्राची छायाचित्रे घ्यावीत, मग झाकण उघडून सैल स्क्रू व निखळलेल्या चिप तपासाव्यात. सुटा स्क्रू मदरबोर्डवर राहिला, तर प्रवासातून सुखरूप आलेले यंत्र पहिल्याच वीजप्रवाहाने जळू शकते.